पोते फोडले की हिशेब कुठे जातो? घाऊक माल पुडे बांधून विकताना साठ्याची नोंद कशी ठेवतात

विलेपार्ल्यातल्या एखाद्या किराणा दुकानात सकाळी तूरडाळीचे ५० किलोचे पोते उतरते. संध्याकाळपर्यंत त्यातली काही डाळ अर्ध्या किलोच्या पुड्यांत बांधून झालेली असते, थोडी डब्यात ओतून सुटी विकली गेलेली असते आणि उरलेली पोत्याच्या तळाशी असते. वहीत मात्र सकाळचीच नोंद आहे : ‘तूरडाळ, १ पोते’. आता दुकानात डाळ किती? एक पोते म्हणावे, तर ते आता पोते राहिलेले नाही. पुडे मोजावेत, तर पुडे दुकानदाराने कधी विकत घेतलेलेच नाहीत, खरेदीच्या बिलात त्यांचे नावही नाही.

घाऊक माल आणून तो लहान मापात विकणाऱ्या प्रत्येकापुढे हा प्रश्न असतो. वाणी, सुक्या मेव्याचा व्यापारी, दिवाळीला सुटा मसाला पुड्यांत भरून विकणारी गृहिणी, किंवा चारचौघांत मिळून वर्षाचे तांदूळ भरणारी कुटुंबे यांच्या धंद्यांचे आकार वेगवेगळे असले तरी अडचण एकच आहे. माल तोच राहतो, पण त्याचे नाव, माप आणि भाव बदलतो. हा बदल वहीत लिहिला नाही तर माल एकतर दोनदा मोजला जातो किंवा हिशेबातून नाहीसा होतो. नाहीसा झालेल्या मालाचा आळ मग कुणावर तरी येतो. बहुतेक वेळा तो दुकानात पुडे बांधणाऱ्या पोरावर येतो.

खरेदी आणि विक्री यांच्या मधली नोंद

साध्या वहीत दोनच बाजू असतात, आवक आणि जावक. साबण किंवा टूथपेस्टसारख्या बंद मालाला त्या पुरतात, कारण जे आले तेच जाते. पोत्याच्या मालाला मात्र मधली एक तिसरी नोंद लागते : पोते फोडल्याची. या नोंदीत पोत्याच्या खात्यातून माल वजा होतो, पुड्यांच्या खात्यात जमा होतो आणि मध्ये जे गळले ते घट म्हणून वेगळे लिहिले जाते. टॅलीसारख्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये याच कामासाठी ‘स्टॉक जर्नल’ नावाची नोंद असते. एका बाजूला वापरलेला माल, दुसऱ्या बाजूला तयार झालेला माल. वहीवाल्याला एक स्वतंत्र पान पुरते.

पुष्कळ जण ही नोंद टाळण्यासाठी सोपी वाट काढतात. ‘१ पोते म्हणजे अर्ध्या किलोचे १०० पुडे’ असे गुणोत्तर एकदाच ठरवायचे, किंवा सॉफ्टवेअरमध्ये भरून टाकायचे. कागदावर ते बरोबर दिसते. प्रत्यक्षात ५० किलोच्या पोत्यातून अर्ध्या किलोचे १०० पुडे निघणे जवळजवळ अशक्य आहे. एक उदाहरण घेऊन पाहू. आकडे समजण्यापुरते आहेत.

बिलावर डाळ ५० किलो, भाव किलोला १२० रुपये, म्हणजे एकूण ६,००० रुपये. पोते काट्यावर ठेवले आणि बारदानाचे वजन वजा केले, तर निव्वळ डाळ भरली ४९.८५० किलो. चाळून-निवडून चुरा, टरफले आणि खडे निघाले २५० ग्रॅम. पुडे झाले ९८. प्रत्येकात ५०० ग्रॅमऐवजी सरासरी ५०३ ग्रॅम पडले. जमिनीवर सांडून केरात गेली ३० ग्रॅम. तळाशी उरली २७६ ग्रॅम. वहीतली नोंद अशी होईल :

बिलाचे वजन : ५०.००० किलो
आवकेतच कमी : ०.१५०
निवडताना गेले : ०.२५०
पुड्यांत जास्त पडले (९८ × ३ ग्रॅम) : ०.२९४
सांडले : ०.०३०
पुडे, ९८ × ५०० ग्रॅम : ४९.०००
सुटी उरली : ०.२७६

शेवटच्या सहा रकमांची बेरीज बरोबर ५० किलो येते. ही बेरीज जुळली तर नोंद पूर्ण झाली. ‘१०० पुडे’ धरून चालणाऱ्याच्या वहीत मात्र इथे दोन पुडे आताच गायब आहेत, आणि ते कुणी उचलले याची चौकशी सुरू होणार आहे.

घट म्हणजे चोरी नव्हे

वरच्या हिशेबातली सगळ्यात फसवी रक्कम पुड्यांत जास्त पडलेल्या डाळीची आहे. तीन ग्रॅम म्हणजे डाळीचे काही दाणे, हाताला कळतही नाहीत. शेर-पायलीच्या काळात मापावर शीग लावून देण्याची रीत होती. आजच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर तीच शीग या तीन ग्रॅमच्या रूपात शिल्लक आहे, फक्त आता ती दिसत नाही. पुडा लहान होत गेला की ती वाढते. तीच डाळ पाव किलोच्या पुड्यांत बांधली आणि प्रत्येकात तेच तीन ग्रॅम जास्त पडले, तर १९६ पुडे होतील आणि ५८८ ग्रॅम डाळ फुकट जाईल, म्हणजे दुप्पट. लहान पुड्याचा भाव किलोमागे जास्त का असतो, याचे एक कारण इथे आहे. पिशवी आणि मजुरी ही कारणे सगळ्यांना ठाऊक असतात, हे सहसा नसते.

हवेचा वाटा याहून मोठा असू शकतो. धान्यात आणि डाळीत नेहमीच थोडे पाणी असते, आणि आजूबाजूच्या हवेप्रमाणे ते कमीजास्त होते. समजा ५० किलो डाळीत १२ टक्के ओलावा आहे. म्हणजे कोरडा भाग ४४ किलो. ऑक्टोबरच्या उन्हात गोदाम तापले आणि ओलावा ११ टक्क्यांवर आला, तर ४४ किलो हा आता एकूण वजनाचा ८९ टक्के भाग झाला. एकूण वजन उरले सुमारे ४९.४४ किलो. एकही दाणा न हलता ५६० ग्रॅम गेले.

मुंबईच्या पावसाळ्यात याच्या उलट घडते. २० किलो पोह्यांतला ओलावा १० टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर गेला तर ते साधारण २०.४५ किलो भरतात. दुकानदार खूश होतो, पण पोहे मऊ पडलेले असतात, आणि त्या साडेचारशे ग्रॅमच्या आड तेवढाच माल कुणी नेला असेल तर वही अगदी जुळते. म्हणून नुसती ‘एकूण घट’ पाहून कुणावर संशय घेणे जसे चूक, तसेच वही जुळली म्हणून निर्धास्त राहणेही चूक. घट वेगवेगळ्या नावांनी लिहिली तरच ती काही सांगते. निवडताना जाणारे वजन दर पोत्याला थोडेफार सारखेच असते. एखाद्या पोत्यात ते दुप्पट निघाले, तर व्यापाऱ्याने माल हलका दिला आहे. पुड्यांत जास्त पडणारे वजन वाढले, तर काटा किंवा भरणारा हात तपासायचा. या दोन्हींनी उलगडा होत नाही आणि ऋतूनेही होत नाही, अशी तूट उरली तरच पुढचा प्रश्न विचारायचा.

गूळ, खजूर, चिंच असला चिकट माल याहून त्रासाचा. गुळाची ढेप फोडताना सुरीला, पाटाला, कागदाला गूळ लागतो आणि पावसाळ्यात तो पाझरतो. तिथे डाळीची टक्केवारी लावून चालत नाही. प्रत्येक मालाची घट स्वतंत्र, आणि ती दुसऱ्याच्या अनुभवावरून न घेता आपल्याच चार-पाच पोत्यांच्या नोंदींवरून काढलेली असावी.

बारा घरे, एक पोते

घाऊक मालाची वाटणी हा विषय विलेपार्ल्याला नवा नाही. मुंबई ग्राहक पंचायत या संस्थेचे ‘ग्राहक भवन’ विलेपार्ले पश्चिमेला, कूपर रुग्णालयाच्या मागे आहे. बिंदुमाधव जोशी यांच्या पुढाकाराने १९७५ साली ही संस्था सुरू झाली. टंचाई, भेसळ आणि काळाबाजार यांनी गांजलेला तो काळ होता. पंचायतीने तक्रारी तर हाती घेतल्याच, पण त्याबरोबर एकत्रित खरेदीचीही पद्धत उभी केली. शेजारपाजारच्या कुटुंबांचा एक संघ होतो. घरे आपली गरज आधी कळवतात, सगळ्यांच्या मागणीची बेरीज होते, त्याप्रमाणे माल घाऊक घेतला जातो आणि संघापर्यंत आलेला माल सभासद आपसात वाटून घेतात.

साठ्याच्या दृष्टीने ही पद्धत दुकानाच्या उलटी आहे. दुकानदार आधी माल आणतो आणि मग गिऱ्हाइकाची वाट पाहतो. इथे गिऱ्हाईक आधी ठरलेले असते, म्हणून पडून राहणारा साठा जवळजवळ नसतो. राहतो तो फक्त वाटणीचा प्रश्न, आणि घट इथेही असतेच.

आपल्या इमारतीतली बारा घरे मिळून एक पोते तांदूळ घेतात असे समजा. मागणीची बेरीज बरोबर ५० किलो. निवडून झाल्यावर तांदूळ उरला ४९.४०० किलो. पहिल्या अकरा घरांनी आपापली पूर्ण मागणी मोजून घेतली, तर पाच किलो मागितलेल्या बाराव्या घराच्या पिशवीत ४ किलो ४०० ग्रॅम पडतील. पैसे मात्र पाच किलोचे. सहाशे ग्रॅमची सगळी घट एकाच घरावर आली, कारण ते घर वरच्या मजल्यावर होते आणि खाली उतरायला त्यांना उशीर झाला.

यावर उपाय वाटणीच्या आधी करायचा असतो. माल निवडून झाल्यावर निव्वळ वजन घ्यायचे, त्याला मागणीच्या बेरजेने भागायचे आणि येणाऱ्या आकड्याने प्रत्येक घराची मागणी गुणायची. ४९.४ भागिले ५० म्हणजे ०.९८८. पाच किलोवाल्याला ४ किलो ९४० ग्रॅम, दोन किलोवाल्याला १ किलो ९७६ ग्रॅम. किलोमागे बारा ग्रॅम, सगळ्यांना सारखे. तरीही हाताने भरताना प्रत्येक पिशवीत काही ग्रॅम इकडेतिकडे होतातच, म्हणून अनुभवी मंडळी आधी सगळ्या पिशव्या किंचित कमी भरतात आणि उरलेला माल शेवटी मुठीने वाटतात. वाटणी करणाऱ्याने आपली पिशवी शेवटी भरावी, हा अलिखित नियम बऱ्याच ठिकाणी पाळला जातो. त्याचा हिशेबाला जेवढा उपयोग होतो, त्याहून जास्त सलोख्याला होतो.

पुड्याची खरी किंमत

दुकानदारासाठी घटीची नोंद शेवटी भावात उतरते. आपल्या डाळीच्या उदाहरणात अर्ध्या किलोचा पुडा ६० रुपयांना पडला, असे कुणीही तोंडी सांगेल. पण पुडे झाले ९८. तळाच्या २७६ ग्रॅम डाळीचे सुमारे ३३ रुपये बाजूला काढले, तर उरलेले ५,९६७ रुपये या ९८ पुड्यांवर पसरतात आणि एक पुडा ६० रुपये ८९ पैशांना पडतो. त्यात पिशवी, लेबल आणि मजुरी मिळवायची. डाळ-तांदळात सुटणारा नफा आधीच बेताचा असतो, तेव्हा हे ८९ पैसे दुर्लक्ष करण्याजोगे नाहीत.

कोणत्या आकाराचे पुडे किती बांधायचे हाही नोंदीचाच भाग आहे. पोत्यातली डाळ कोणत्याही मापात जाऊ शकते, पण पाव किलोच्या पुड्यात गेलेली डाळ तिथेच अडकली. एक किलोचे पुडे संपले म्हणून पाव किलोचे चार पुडे फोडले, तर पिशव्या आणि मजुरी दोन्ही वाया जातात. त्यामुळे दोन-तीन दिवस पुरतील एवढेच पुडे बांधावेत आणि बाकी माल पोत्यातच राहू द्यावा.

पुड्याला पोत्याची ओळख

पोते फोडताना आणखी एक गोष्ट हरवते, ती म्हणजे हा माल कुठून आला हे. पोत्यावर गिरणीचे किंवा व्यापाऱ्याचे नाव, लॉट क्रमांक आणि तारीख असते. कोऱ्या पिशवीत यातले काहीच नसते. माल चांगला असेपर्यंत कुणी विचारत नाही. एका पुड्यात कीड किंवा भेसळ निघाली की मात्र त्याच पोत्यातले बाकीचे पुडे कोणते, हे शोधावे लागते, आणि नोंद नसेल तर दुकानातला सगळाच माल संशयित ठरतो.

१९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांचे तेल मिसळल्याने जलशोथाची साथ पसरली आणि साठहून अधिक माणसे दगावली. सुटे तेल हातोहात विकले जात असल्याने कोणत्या घरी कोणत्या डब्यातले तेल गेले हे सांगणे कठीण होते. त्याच वर्षी केंद्र सरकारने खाद्यतेल बंद पॅकिंगमध्येच विकण्यासंबंधी आदेश काढला.

किराणा दुकानाला यासाठी मोठी यंत्रणा लागत नाही. पोते आले की त्याला स्वतःचा क्रमांक द्यायचा, उदाहरणार्थ ‘तूर-१४’, आणि त्या पोत्यातून निघालेल्या प्रत्येक पुड्यावर तोच क्रमांक टाकायचा. पोत्यावरची ‘अमुक तारखेपर्यंत वापरावे’ ही मुदतही तशीच पुड्यावर उतरवायची. आज पुडा बांधला म्हणून डाळ आजची होत नाही.

पुडा बांधून ठेवला की कायदाही बदलतो. गिऱ्हाइकासमोर पोत्यातून तोलून दिलेली डाळ हा सुटा माल. आधीच बांधून ठेवलेला पुडा मात्र वैधमापन कायदा, २००९ आणि त्याखालील २०११ च्या नियमांत येतो. बांधणाऱ्याचे नाव-पत्ता, निव्वळ वजन, कमाल किरकोळ किंमत, तक्रारीसाठी संपर्क वगैरे त्यावर छापावे लागते. अर्ध्या किलोच्या एखाद्या पुड्यात १५ ग्रॅमपर्यंतची चूक नियमांत क्षम्य आहे, पण पुड्यांची सरासरी छापील वजनाहून कमी असता कामा नये. म्हणजे ‘सगळ्यांत दहा-दहा ग्रॅम कमी’ ही युक्ती चालत नाही. खाद्यपदार्थ पुन्हा बांधून विकणाऱ्याला अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी किंवा परवाना लागतो. शिवाय १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या, आधीच बांधून लेबल लावलेल्या डाळी-धान्यांवर ५ टक्के जीएसटी लागू झाला, सुट्या विक्रीवर तो नाही. एकाच पोत्यातली अर्धी डाळ सुटी आणि अर्धी पुड्यांत गेली, तर दोन्हींचा आकडा वेगळा ठेवण्यावाचून गत्यंतर नाही.

शिलकी मोजताना

मोजणी नेहमी एकाच मापात करावी, आणि ते माप किलो. पोती, पुडे, डबे अशी वेगवेगळी शिल्लक लिहिली की बेरीज होत नाही. बंद पोती आवकेच्या दिवशी भरलेल्या वजनाने धरायची, बिलाच्या नव्हे. समजा दोन बंद पोती ४९.८५० आणि ४९.९०० किलो, उघडे पोते १८.४००, अर्ध्या किलोचे ४१ पुडे म्हणजे २०.५००, एक किलोचे १२ पुडे म्हणजे १२.०००, आणि डब्यात ३.२००. एकूण तूरडाळ १५३.८५० किलो. पुडे छापील वजनानेच धरायचे, कारण त्यांत जास्त पडलेला माल पोते फोडतानाच घटीत लिहून झाला आहे. डब्याचे रिकामे वजन डब्यावरच रंगाने लिहून ठेवले की दर वेळी तो रिकामा करावा लागत नाही.

सगळ्यात जास्त गोंधळ उघड्या पोत्यात होतो. म्हणून एका मालाचे एका वेळी एकच पोते उघडे ठेवावे, आणि निदान ते तरी दर आठवड्याला तोलावे. बंद पोती महिन्यातून एकदा मोजली तरी चालते. काटा कोणता हेही पाहावे लागते. पोती तोलण्याचा मोठा काटा २० ग्रॅमच्या टप्प्याने आकडा दाखवत असेल, तर त्याच्याकडून तीस ग्रॅमच्या सांडणीचा हिशेब मागण्यात अर्थ नाही. काट्याची सरकारी तपासणी दरवर्षी करून घ्यावी लागतेच, पण एखादे खात्रीचे वजन जवळ ठेवून रोज सकाळी काटा पडताळणे अर्ध्या मिनिटाचे काम आहे.

राहिली ती तळाची २७६ ग्रॅम डाळ. ती नव्या पोत्यावर ओतून टाकण्याचा मोह सगळ्यांना होतो. तसे केले की ‘तूर-१४’ आणि ‘तूर-१५’ एकमेकांत मिसळतात, जुन्या डाळीतली कीड नव्या पोत्यात जाते आणि पुड्यांवरचे क्रमांक निरर्थक होतात. ती सुट्या डब्यात टाकून आधी विकावी, किंवा सरळ घरी न्यावी आणि वहीत ‘घरखर्च, २७६ ग्रॅम’ असे लिहून ‘तूर-१४’ चे पान बंद करावे.